सकाळी थंड, दुपारी गरम

एप्रिल २०२५ मध्ये कड्याला घरी गेलो होतो. माझ्या चुलतभावाची एक जुनी मोटार आहे. गावातल्या रुग्णांना तो तीतून अहिल्यानगरच्या दवाखान्यांत नेतो-आणतो. घर त्यावरच चालते. सकाळी जाताना गाडीतला एसी उत्तम चाले. दुपारी परतताना मात्र अर्ध्या वाटेत गरम हवा सुरू होई. मागे नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस आणि बाहेर पारा चाळिशीपार! "दादा, दोनदा गॅस भरला, तरी तेच," तो म्हणाला. एका गॅरेजने तर अख्खा कंप्रेसर बदलायला सांगितले होते.

गॅस कमी असता, तर सकाळीही थंडावा कमीच पडला असता. शिवाय तापमान उतरले की बंदिस्त गॅसचा दाबही उतरतो. म्हणजे कमी दाबाचा स्विच आडवा यायचा, तर तो गार सकाळी आधी यायला हवा. इथे सगळे उलटे होते.

कंप्रेसर चालतो तो इंजिनाच्या पट्ट्यावर. पट्ट्याबरोबर पुली सतत फिरते, पण कंप्रेसरचा दांडा फिरत नाही. एसी लावला की पुलीमागच्या तांब्याच्या कॉइलमधून वीज वाहते, विद्युतचुंबक तयार होतो आणि दांड्यावरची पोलादी चकती 'टक्' करून पुलीला चिकटते. हाच क्लच. सुटलेल्या अवस्थेत चकती आणि पुली यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असते. (काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतोच, त्यांना पुढील तपासणी लागू नाही.)

दुपारी गाडी परतली ती गरम हवा फेकतच. इंजिन चालू ठेवून, हात व कपडे पट्ट्यापासून दूर ठेवून बॉनेटखाली पाहिले. पुली फिरत होती, चकती स्तब्ध. मग कॉइलचा जोड न काढता त्याच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरची टोके लावली. जोड काढून मोजले, तर खराब संपर्कातूनही पूर्ण व्होल्टेज दिसू शकते, म्हणून ही काळजी. आकडा आला १३.८ व्होल्ट. या एका मोजमापाने फ्यूज, रिले आणि कमी-जास्त दाबाचे स्विच हे सारे संशयित सुटले. हुकूम पोचत होता, अंमल होत नव्हता.

इंजिन बंद करून, जोड काढून कॉइलचा रोध मोजला: ४.४ ओहम. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर तोच ३.६ ओहम. कॉइल तुटलेली असती, तर मीटरने अनंत रोध दाखवला असता. तसे नव्हते; ती फक्त तापत होती. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल सकाळपेक्षा पंचावन्न-साठ अंशांनी जास्त तापली होती. (कॉइलच आपला तापमापक झाली!) ओहमच्या नियमाने प्रवाह ३.८ वरून ३.१ अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे एक तृतीयांशाने घटते.

पण कॉइल तर प्रत्येक गाडीत तापते. मग इथेच का अडले? फट मोजायच्या पट्ट्या चकतीखाली सरकवून पाहिल्या. फट ०.९ मिलिमीटर होती. वर्षानुवर्षे घासून पृष्ठभाग झिजले होते. फट वाढली की ओढ फार झपाट्याने कमी होते. गार कॉइल एवढी फट कशीबशी पार करी, तापलेली करू शकत नसे.

एक कोडे उरलेच. परतीच्या वाटेवर एसी सुरुवातीला तरी का चाले? एकदा चकती चिकटली की फट जवळजवळ शून्य होते, आणि मग कमी प्रवाहातही पकड टिकते. गाडी पुरेशी गार झाली की एसी स्वतःहून क्लच सोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा धरू पाहतो. कॉइल तापल्यावर अशी एक 'सोड' झाली की पुढची 'पकड' होत नसे.

मेकॅनिकने चकतीखालची एक पातळ वायसर काढून फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. गॅसला हातही लावावा लागला नाही.

हे वर्गात करून पाहता येईल. जाड बोल्टवर इनॅमल तारेचे शंभरेक वेढे द्या. दोन सेल व पेन्सिलीचे शिसे एकसरीत जोडा. शिशावरचा संपर्क सरकवला की प्रवाह बदलतो. बोल्टच्या टोकाखाली वहीची पाने एकेक वाढवत, किती पानांपलीकडून लोखंडी नट उचलला जात नाही ते मुलांना नोंदवू द्या. पानाची जाडी कशी काढायची, हेही त्यांनाच विचारा. मग एकच पान मध्ये ठेवून नट उचला आणि प्रवाह हळूहळू कमी करा. जो प्रवाह लांबून नट ओढू शकत नव्हता, तोच त्याला धरून ठेवतो. सेल लवकर उतरतात, म्हणून नोंद झाली की जोडणी सोडा. प्रवाह बंद केल्यावरही नट पडला नाही, तर बोल्ट स्वतःच थोडा चुंबक झाला आहे. दुसरा मऊ लोखंडाचा घ्या किंवा नट जड घ्या.