चिमण्या मोजायच्या कोणी?

‘हल्ली चिमण्या दिसत नाहीत,’ असे आपण सारेच म्हणतो. पण पूर्वी किती होत्या, असे कोणी विचारले तर आपली पंचाईत होते. शहरातल्या गल्ल्या, अंगणे, गच्च्या असंख्य. मूठभर शास्त्रज्ञ तिथे रोज कसे पोहोचणार? ते काम तिथे राहणाऱ्यांनीच करायला हवे.

ते होऊ शकते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा देशव्यापी अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १५ हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. त्यातून काय दिसले? देशभराचा विचार करता चिमण्यांची संख्या २५ वर्षांत साधारण स्थिर राहिली होती; मात्र मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या महानगरांत ती घटत गेली होती. म्हणजे आपली तक्रार महानगरांपुरती खरी, साऱ्या देशाला लागू नाही.

हौशी माणसांच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा? युक्ती साधी आहे. निरीक्षकाने ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी करायची. मग दर १०० याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, ते पाहायचे. समजा, पूर्वी ४० याद्यांत होती आणि आता २५ याद्यांत आहे, तर चिमणी विरळ झाली असावी. पण लोकांनी चिमणी दिसली त्याच दिवशीची यादी पाठवली तर? १०० पैकी १००! घट कधी कळणारच नाही. म्हणून चिमणी न दिसलेल्या दिवसाची यादीही तितकीच मोलाची.

शाळेत हे सहज करता येईल. दर शनिवारी एकाच जागी, एकाच वेळी १५ मिनिटे उभे राहू. वहीत तारीख, वेळ, जागा आणि प्रत्येक पक्ष्याची एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहू. सगळ्यांची बेरीज करायची नाही. नाहीतर उडून परत आलेली एकच चिमणी तीनदा मोजली जाईल.

एक पथ्य मात्र आपण शिक्षकांनी पाळायचे. दुर्मिळ पक्षी पाहणाऱ्याला शाबासकी आणि ‘आज काहीच दिसले नाही’ म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष, असे झाले की मुलांना नसलेले पक्षी दिसू लागतात. प्रामाणिक शून्यालाही शाबासकी मिळायला हवी. ही वही पुढच्या वर्गाकडे सोपवत गेलो, तर दहा वर्षांनी ‘पूर्वी किती होत्या?’ याचे उत्तर आपल्या शाळेपाशी असेल.