माणूस कुठे संपतो?

घरातल्या संगणकासमोर बसून माणूस बैठकीला हजर होतो. मागे दोरीवर कपडे वाळत असतात. समोरच्यांना मात्र पुस्तकांनी भरलेले कपाट दिसते. २०२०च्या टाळेबंदीपासून हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की त्याचे आता कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते काही बिघडले म्हणजे. बोलणाऱ्याचा कान मध्येच नाहीसा होतो, चहाचा कप ओठांपर्यंत येता येता हवेत विरतो, मोकळ्या केसांभोवती मूळच्या भिंतीची मळकट कड चिकटून राहते. आपण हसतो आणि पुढे जातो. पण या बिघाडांत एक सूत्र आहे. मागे नवे चित्र लावणे हे यंत्राच्या दृष्टीने किरकोळ काम. सारी अडचण आहे ती माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे ठरवण्यात. ही रेघ कशाच्या आधारावर आखली जाते आणि ती चुकली तर कुणाचे काय जाते, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

पडदा टांगणे, पडदा कापणे

पार्श्वभूमी बदलण्याची हौस जुनीच. संगीत नाटकांत राजवाड्याचा, अरण्याचा, रस्त्याचा रंगवलेला पडदा सोडला, की जागा बदलत असे. फोटो स्टुडिओंतही कमानी, जिने आणि बागा रंगवलेले पडदे असत आणि त्यांच्यासमोर खुर्ची मांडून कुटुंबाचा फोटो निघे. तिथे कापाकापीचा प्रश्न नव्हता, कारण पडदा खरोखरच माणसाच्या मागे होता. केसांच्या बटांमधून जे दिसायचे ते पडद्यावरचे अरण्यच. प्रकाश आपले काम आपोआप करीत होता.

प्रश्न उभा राहिला तो सिनेमात, माणसाचे चित्रण एकीकडे आणि दृश्याचे दुसरीकडे करून दोन्ही एकाच फिल्मवर आणायची वेळ आली तेव्हा. १९४० सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या रंगीत चित्रपटात (म्हैसूर संस्थानात जन्मलेला साबू त्यात प्रमुख भूमिकेत होता) लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची रीत वापरली आणि त्या चित्रपटातल्या करामतींना ऑस्कर मिळाले. निळाच रंग का? कारण माणसाची त्वचा कोणत्याही छटेची असली, तरी तिच्यात निळ्याचा अंश कमी असतो. निव्वळ निळे दिसेल ती पार्श्वभूमी, उरेल तो माणूस, असा हा सरळ हिशेब. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी तो पुष्कळ सूक्ष्म केला. डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’साठी (१९६४) तर सोडियमच्या दिव्यांनी पिवळा केलेला पडदा वापरला गेला. या दिव्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यात असतो. कॅमेऱ्यातला लोलक तेवढाच प्रकाश वेगळा करून दुसऱ्या फिल्मवर पाठवी. त्यामुळे टोपीवरच्या जाळीसारख्या अर्धपारदर्शक वस्तूही शाबूत राहिल्या.

टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या निवेदकामागचा नकाशा याच वंशातला. डिजिटल कॅमेरे आल्यावर निळ्याची जागा बरीचशी हिरव्याने घेतली. या कॅमेऱ्यांच्या संवेदकात साधारणपणे दर चार घरांपैकी दोन हिरव्या प्रकाशाची असतात, म्हणून हिरव्याची नोंद अधिक बारकाईने होते. पडदा निळा असो, पिवळा असो वा हिरवा, अट एकच: रेघ सापडावी म्हणून आधी सगळी खोली सजवायची. घरात बसलेल्या माणसाकडे अशी खोली नसते. त्याच्यामागे असते ती खरी भिंत, तिच्यावरचे कॅलेंडर आणि अर्धवट उघडे दार.

एका ठिपक्याचे बीजगणित

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलांचे बनलेले असते. बहुतेक ठिपके एक तर पूर्ण माणसाचे असतात किंवा पूर्ण भिंतीचे. घोटाळा कडेवर होतो. केसाची बट ज्या ठिपक्यातून जाते, त्यात समजा ४० टक्के केस आहे आणि ६० टक्के भिंत. कॅमेऱ्याला या दोहोंचे मिश्रण होऊन आलेला एकच रंग दिसतो. या ४० टक्क्यांना, म्हणजे ठिपक्यातल्या माणसाच्या वाट्याला, ‘अल्फा’ म्हणतात. आल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना रूढ केली. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४मध्ये तिचे नीटस गणित मांडले. अल्फा ठाऊक असेल, तर पार्श्वभूमी बदलणे ही साधी बेरीज आहे. केसाच्या रंगाचे ४० टक्के घ्यायचे, नव्या चित्राच्या रंगाचे ६० टक्के घ्यायचे, झाले.

पण आपल्याला उलट दिशेने जायचे असते. प्रत्येक ठिपक्याबद्दल तीनच आकडे हाती असतात: लाल, हिरवा आणि निळा. त्यांवरून शोधायचे असतात सात: केसाच्या रंगाचे तीन, भिंतीच्या रंगाचे तीन आणि सातवा अल्फा. तीन समीकरणांतून सात अज्ञात निघत नाहीत, हे शाळेतल्या बीजगणितावरूनही कळते. भिंतीचा रंग आधीच माहीत असेल, तर अज्ञात चार उरतात. तरीही एक समीकरण कमीच पडते. निळ्या-हिरव्या पडद्याच्या साऱ्या युक्त्या हे एक समीकरण कुठून तरी आणण्यासाठी आहेत. स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी १९९६मध्ये दाखवून दिले, की तीच वस्तू दोन वेगवेगळ्या रंगांच्या पडद्यांसमोर टिपली, तर समीकरणे सहा होतात आणि चारही अज्ञातांचे अचूक उत्तर मिळते. निर्जीव वस्तूपुरते हे ठीक आहे. बोलता-हलता माणूस केसभरही न हलता दोन पडद्यांसमोर बसू शकत नाही. म्हणून घरातल्या चित्रणात कडेचे उत्तर नेहमीच अंदाजाचे असते. संगणक वेगवान झाला, तरी न सांगितलेली माहिती त्याला निर्माण करता येत नाही. फक्त अधिक चांगला अंदाज बांधता येतो.

तेहतीस मिलिसेकंद

या अंदाजाला सवडही फार नाही. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद येतात. १२८० × ७२० आकाराच्या चित्रात ९,२१,६०० ठिपके असतात; म्हणजे सेकंदाला पावणेतीन कोटींहून अधिक ठिपक्यांचा निवाडा. शिवाय तेवढ्याच वेळात कॅमेऱ्याकडून चित्र घेणे, ते आवळणे आणि पाठवणे हेही त्याच संगणकाला करायचे असते.

पहिला उपाय वजाबाकीचा. आधी रिकाम्या खोलीचे चित्र घ्यायचे, मग माणसासकट आलेल्या चित्रातून ते वजा करायचे. जे बदलले तो माणूस. उपाय स्वस्त, पण हळवा. ढग आला, भिंतीवर सावली पडली, कॅमेऱ्याने आपणहून प्रकाश कमी-जास्त केला, की सगळी भिंतच ‘बदललेली’ ठरते. उलट भिंतीच्या रंगाचा सदरा घातला, तर छातीलाच भोक पडते.

दुसरा उपाय अंतर मोजण्याचा. नोव्हेंबर २०१०मध्ये बाजारात आलेला मायक्रोसॉफ्टचा ‘काइनेक्ट’ हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त ठिपके समोर फेकून कोणती वस्तू किती लांब आहे, हे ताडत असे. जवळचा तो माणूस, लांबची ती भिंत. सावल्यांचा त्रास टळला, पण केसांसारख्या विरळ गोष्टींपुढे तोही हतबल होता.

आज वापरात आहे तो तिसरा उपाय: माणसांच्या असंख्य चित्रांवरून शिकलेले न्यूरल नेटवर्क. त्याला खोलीची किंवा अंतराची माहिती लागत नाही. माणसाचा आकार साधारण कसा असतो, हे ते शिकलेले असते. मात्र साध्या लॅपटॉपवर इतके गणित ३३ मिलिसेकंदांत बसत नाही, म्हणून चित्र आधी लहान करतात. गूगलने २०२०मध्ये ब्राउझरमध्येच चालणारी जी रीत आणली, तिच्यात हा लहान आकार २५६ × १४४ इतका होता. म्हणजे ३६,८६४ घरे. मूळ चित्र १२८० × ७२०चे असेल, तर यातले एक घर मूळच्या बरोबर २५ ठिपक्यांबद्दल बोलते. केसाची बट असते एक-दोन ठिपके रुंद. यंत्राला ती दिसतच नाही. नंतर मूळ चित्रातल्या रंगांचा आधार घेऊन ही ओबडधोबड कड घासूनपुसून घेतात. तिने लुकलुकू नये म्हणून आधीच्या चित्रातली कडही लक्षात ठेवतात. त्यामुळे स्थिर माणूस सुबक दिसतो, पण हात वेगाने हलला की बोटे मागे राहतात.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० आणि २०२१मध्ये जुना उपाय नव्याशी जोडला. रिकाम्या खोलीचा एक फोटो आधी घ्यायचा आणि तो नेटवर्कला शेजारी ठेवून द्यायचा. भिंत माहीत झाली, की कडेचे काम किती सुधारते, हे त्यांनी केसांच्या बटांनिशी दाखवले. मात्र मोठ्या आकाराच्या चित्रासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागले. याच गणितातून रोजच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. भिंतीपासून पुढे सरकून बसावे आणि उजेड समोरून घ्यावा, म्हणजे कडेवरची सरमिसळ कमी होते. आणि पूर्ण नवे चित्र लावण्यापेक्षा मागचे धूसर करणे यंत्राला सोपे जाते, कारण कड थोडी चुकली, तरी तिथे उरणारा रंग त्याच खोलीचा असतो. चूक डोळ्यांत भरत नाही.

यंत्र कुणाला पाहून शिकले?

माणसाचा आकार ‘साधारण कसा असतो’, असे वर म्हटले. हा साधारण माणूस कोण? या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरलेला ‘कोको’ हा चित्रसंग्रह २०१४चा. त्यात ३ लाखांहून अधिक चित्रे आहेत आणि त्यांतल्या वस्तूंच्या कडा इंटरनेटवरून काम घेणाऱ्या माणसांनी माउसने एकेक बिंदू देत आखल्या आहेत. अशा आखणीत केसांच्या जागी सरळ रेघ येते. शिकवणाऱ्यानेच बट कापली, तर शिकणारा ती राखणार कुठून?

प्रश्न केसांवर थांबत नाही. हातातली काठी माणसाचा भाग की पार्श्वभूमीचा? चाकांची खुर्ची? कडेवरचे मूल? परदेशातल्या शिष्येला ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या मांडीवरचा तानपुरा? बोलणाऱ्याच्या दृष्टीने यांतले काहीच ‘मागचे’ नाही. नेटवर्कला मात्र उदाहरणांत जे माणसाबरोबर आखलेले आढळले तेच माणसाचे, बाकीचे पुसायचे. सर्वांत गंभीर अडचण हातांच्या भाषेत बोलणाऱ्या बधिर व्यक्तींची. वेगाने हलणारी बोटे नेमकी कडेवर असतात आणि तिथेच यंत्र चुकते. इतरांचे बोट गेले तर ते हसण्यावारी नेता येते. त्यांचे बोट गेले तर शब्द जातो.

त्वचेच्या रंगाचेही तसेच. सप्टेंबर २०२०मध्ये कॅनडातल्या एका संशोधकाने चित्रांनिशी दाखवले, की त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याने आभासी पार्श्वभूमी लावली, की त्याचे डोकेच पुसले जाते. त्याआधी २०१८मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. ते काम वेगळे, पण दुखणे एकच: शिकवताना जे कमी दाखवले, ते ओळखताना कमी दिसते. यानंतर काही निर्माते त्वचेच्या छटा आणि प्रदेश यांनुसार चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करू लागले. ते वाचून साधन निवडणे आपल्या हाती आहे.

लपवणे आणि पुसले जाणे

या सोयीची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. एका खोलीच्या घरातून मुलाखत देणाऱ्या मुलीला आपली खोली जगाला दाखवायची की नाही, हे ठरवता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हे आवरण वाटते तितके जाड नाही. कड चुकते तेव्हा खऱ्या खोलीचे काही ठिपके क्षणभर बाहेर येतात, आणि माणूस हलत असल्याने दर वेळी वेगळे येतात. बैठकीचे चित्रण असेल, तर हे तुकडे जोडून मागच्या खोलीचा बराचसा भाग पुन्हा उभा करता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. ज्याला खरोखर काही लपवायचे आहे, त्याने भिंतीवर चादर टांगलेली बरी. शिवाय हे आवरण सर्वांना सारखे मिळत नाही. जुन्या संगणकावर ही सोय एक तर चालत नाही किंवा हिरवा कपडा मागते. घर लपवण्याची गरज ज्याला अधिक, त्याच्याकडेच बहुधा यंत्र जुने असते.

म्हणून बैठक बोलावणाऱ्यांनी ‘सर्वांनी एकसारखी पार्श्वभूमी लावावी’ असा फतवा काढण्याआधी थोडे थांबावे. त्या शिस्तीत कुणाची काठी जाते, कुणाची बोटे जातात, कुणाचा चेहरा अर्धा होतो. आणि साधने घडवणाऱ्यांकडून एक साधी मागणी करता येईल: वापरणाऱ्याला बोट ठेवून ‘हेही माझे आहे, पुसू नकोस’ असे सांगता यावे. तीन आकड्यांतून सात अज्ञात काढताना यंत्राला कुठून तरी माहिती उसनी घ्यावीच लागते. ती अनोळखी लाखो चित्रांकडून घेण्याबरोबरच समोर बसलेल्या माणसाला विचारून घेतली, तर गणितही सुधारेल आणि त्या माणसाचा मानही राहील.