धक्क्यावरची गरी : थोड्या भांडवलाचा धंदा

रोजीसाठी आखातातच गेले पाहिजे, असे आपल्या कोकणातील तरुणांच्या मनाने घेतले आहे. ट्रॉलरचे भांडवल सर्वांपाशी नसते; पण समुद्र तर दाराशी आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, अशा खाडीकाठच्या धक्क्यांवर गरी टाकून जिताडा, तांबोशी मिळवता येते. याने बंगला उभा राहणार नाही, घरखर्चाला हातभार मात्र लागेल.

धक्क्याच्या खांबांना कालवे चिकटतात. तेथे लहान मासे चरतात आणि मोठे सावलीत दबा धरून राहतात. जिताड्याला हलते भक्ष्य लागते. मेलेल्या कोळंबीला बहुधा शिंगाळाच लागतो. म्हणून पाग टाकून कोळंबी किंवा लहान बोय जिवंत धरावी. बादलीत गर्दी करू नये, पाणी वरचेवर बदलावे, मेलेली कोळंबी लगेच काढावी. कोळंबीच्या डोक्यातील काळा ठिपका चुकवून शिंगाखालून गरी घालावी व भरती चढू लागताच खांबालगत सोडावी.

खरे नुकसान मासा लागल्यानंतर होते. बर्फाअभावी तो नरम पडतो आणि दलाल म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. आमच्या मते पहिला खर्च महागड्या रिळावर नव्हे, बर्फाच्या पेटीवर करावा. व्याजी कर्ज तर नकोच.

मुक्या जिवाला विनाकारण यातना देऊ नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. तेव्हा जिवंत आमिषाबाबत आपल्या आलिमांना आधी विचारून घ्यावे. हलाल रोजीत अल्लाह बरकत देवो!