लग्नाचा केक, माघातला गारठा आणि परसातली झाडं



पौष सरला की घणसोलीसारख्या गावात पुन्हा मांडव उभे राहतात. हळद, वाजप, जेवणावळ यांच्या जोडीला हल्ली लग्नात केकही आला आहे. केकवर ठेवायला स्ट्रॉबेरी हवी, सजावटीला परसातली फुलं हवीत, आणि नेमकी याच दिवसांत थंडीची लाट येते. मग लग्नघरात बोलणं निघतंच: “महाबळेश्वरला बर्फ पडला म्हणे! आपलीही झाडं झाकायची का?” याचं उत्तर ठिकाणाप्रमाणे बदलतं. ते नीट समजलं, तर तिकडचं पीक वाचेल आणि इकडचा विनाकारण खर्चही वाचेल.

हिम कसं धरतं?

आपण ‘बर्फ पडला’ म्हणतो, पण हा बर्फ आकाशातून पडत नाही. भट्टीतून काढलेला केक उघडा ठेवा. आत तो गरम असतो, पण वरचा पापुद्रा आधी निवतो. जमिनीचंही तसंच आहे. दिवसा साठवलेली ऊब ती रात्री आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री जमीन व पानं झपाट्यानं निवतात. पान शून्य अंशाखाली गेलं की त्यावर हिमकण जमतात. पेशींतलं पाणी गोठलं की पान उकडल्यासारखं होतं आणि मग काळं पडतं.

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट भागात साचते. म्हणून महाबळेश्वरात हिमकण दिसतात ते मुख्यतः वेण्णा तलाव, लिंगमळा या भागात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. शांत रात्री तो ३ ते ४ अंश दाखवत असला, तरी जमिनीलगत पारा शून्यावर आलेला असू शकतो.

स्ट्रॉबेरीचं फूल हिमानं मारलं की त्याचा मधला भाग काळा पडतो. त्या फुलाला फळ धरत नाही. फुलापासून पिकलेलं फळ व्हायला साधारण महिना लागतो. म्हणजे वेण्णाकाठच्या एका रात्रीचा फटका आपल्या केकला महिन्यानंतर कळतो. शेतकऱ्याला मात्र त्याच सकाळी.

हिम धरणाऱ्या भागात काय करावं?

महाबळेश्वर, निफाड किंवा तशाच थंड भागात तुमची शेती वा पाहुणे असतील, तर हे त्यांना जरूर सांगा.

१. जमीन ओली ठेवा. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते. द्राक्षबागेला पहाटे ठिबकनं पाणी द्यावं. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं.

२. आच्छादन जमिनीपर्यंत टेकवा. झाडाचा फक्त शेंडा गोणपाटानं बांधून उपयोग नाही, कारण ऊब येते ती मातीतून. केकवर टोप झाकतो तो ताटाला टेकतो, तसंच हे. प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नका. ऊन वर आलं की आच्छादन काढा.

३. तुषार सिंचन सुरू केलंत तर बर्फ वितळेपर्यंत बंद करू नका. १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, ती झाडाला वाचवते. मध्येच बंद केलं तर उलट नुकसान वाढतं.

४. शेकोटीची ऊब उपयोगी पडते. नुसत्या धुराचा फायदा थोडा. टायर, प्लॅस्टिक मुळीच जाळू नका.

५. जळालेल्या फांद्या लगेच छाटू नका. नवी फूट कुठून येते ते पाहून मग कात्री लावा.

घणसोलीत काय?

आपल्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. पाणी हळू तापतं, हळू निवतं, म्हणून किनारपट्टीवर पारा फार खाली जात नाही. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली, तीसुद्धा शून्यापासून बरीच वर. तेव्हा हिमाच्या भीतीनं महागडी आच्छादनं घेऊ नका.

तरी गारठा बाधतोच. केळीची वाढ मंदावते, टोमॅटोची फूल-धारणा कमी होते, विड्याचा वेल आणि कुंडीतली नाजूक झाडं मलूल होतात. कुंड्या उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला, दिवसा ऊन खाणाऱ्या भिंतीलगत सरकवा. कुंडीला पाणी सकाळी आणि बेतानं द्या. थंडीत मुळं कमी पाणी घेतात. रात्री चिखल ठेवलात तर ती कुजतात. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते टाळा. वस्तीत झाडांसाठी शेकोटी तर नकोच.

केकवरच्या फुलांविषयी

हे मात्र घरातल्या बायाबापड्यांना आणि केक करणाऱ्यालाही सांगून ठेवा. कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि धोतरा विषारी आहेत. दिसायला छान म्हणून त्यांचं फूल किंवा पान केकवर टेकवू नका. बाजारातल्या झेंडू-गुलाबावर औषध फवारलेलं असू शकतं; ती फुलं मांडवाला लावा, खाण्याला नको. केकसाठी घरचा, फवारणी न केलेला गुलाब धुऊन वापरा.

लक्षात ठेवा

• निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा: थंड भागात सावध राहण्याची रात्र.
• खोलगट जागेत हिम आधी धरतं; नाजूक पीक तिथे लावू नका.
• महाबळेश्वर-निफाडचा उपाय घणसोलीत जसाच्या तसा करू नका.
• जे फूल खाण्याजोगं नाही, ते केकवर नाही.