जुने पिस्तूल आणि टपालाचा कायदा : एका व्याख्येच्या मर्यादा

कायद्याच्या भाषेत शब्दाचा अर्थ कोश ठरवीत नाही. तो व्याख्या ठरविते. आणि त्या व्याख्येची सत्ता ज्या अधिनियमात ती दिलेली असते त्याच्या सीमेपुरतीच चालते. ही गोष्ट तत्त्वतः सर्वांस मान्य असते, परंतु व्यवहारात तिचे विस्मरण फार सहज घडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुराणकालीन व ठासणीची पिस्तुले टपालाने पाठविण्यासंबंधी जे नियम आहेत, त्यांत या विस्मरणाचे फळ तुरुंगवासही असू शकते. म्हणून अर्थविचाराच्या अभ्यासकास हे नियम लक्षपूर्वक पाहण्याजोगे वाटतात.

प्रथम वस्तूंची नावे स्पष्ट करू. बार पेटविण्याच्या रीतीवरून मराठीत जुन्या बंदुकांचे तीन प्रकार सांगता येतात : पेटत्या वातीने रंजक शिलगावणारी तोड्याची, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची, आणि तांब्याच्या लहान टोपीवर घोडा आपटून पेट घेणारी टोपीची. या तिन्हींत दारू व गोळी सुटी भरावी लागते. याउलट काडतुसात गोळी, दारू आणि पेटविण्याचे द्रव्य ही एकाच पुंगळीत तयार बसविलेली असतात. सुटी दारू आणि तयार काडतूस हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

संयुक्त संस्थानांच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण अधिनियमाने ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या केली आहे. स्फोटक द्रव्याच्या जोराने प्रक्षेप्य बाहेर फेकणारे कोणतेही हत्यार, असा तिचा मुख्य आशय. मात्र त्याच व्याख्येच्या अखेरीस, पुराणकालीन अग्निशस्त्राचा समावेश या संज्ञेत होत नाही, असे वाक्य आहे. म्हणजे ‘पुराणकालीन अग्निशस्त्र’ हे त्या अधिनियमापुरते अग्निशस्त्रच नव्हे! विशेषणाने विशेष्याचा अर्थ संकुचित करावा ही भाषेची सामान्य रीत. येथे विशेषणाने विशेष्यच रद्द केले आहे.

हे पुराणत्व ठरविण्याच्या कसोट्या दोन आहेत. पहिली काळाची : शस्त्र १८९८ साली किंवा तत्पूर्वी बनलेले असावे. दुसरी रचनेची : जुन्या शस्त्राची आज केलेली प्रतिकृती प्रचलित तयार काडतूस वापरण्यासाठी घडविलेली नसेल, अथवा काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या हत्यारात असे काडतूस वापरताच येत नसेल, तर तेही पुराणकालीन गणले जाते. मात्र केवळ नळी किंवा मागील ठोकळा बदलून जे ठासणीचे हत्यार सहज काडतुसावर चालविता येते, त्यास ही सवलत नाही.

या कसोट्यांचे परिणाम वाचकांस चमत्कारिक वाटतील. कोल्ट कारखान्याचे १८७३ चे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर काडतुसाचे असून ते पुढील शतकातही बनत राहिले. त्यांपैकी १८९७ चा नग पुराणकालीन आणि १९०० चा नग मात्र सामान्य अग्निशस्त्र. रचना एक, धातू एक, मारकशक्ती एक. भेद केवळ तीन वर्षांचा. उलट त्याच कारखान्याच्या १८५१ च्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती इटलीतील गार्दोने वाल त्रोंपिया येथील कारखान्यांतून गतवर्षी बाहेर पडलेली असली, तरी ती पुराणकालीन ठरते. अर्थात येथे ‘पुराणकालीन’ हा शब्द वयाचा वाचक राहिलेला नाही. तो एका वर्गाचे नाव झाला आहे.

येथवर पोचलेला मनुष्य साहजिकच असा तर्क करतो की, जे अग्निशस्त्र नव्हे ते टपालात टाकण्यास प्रत्यवाय तो कोणता? चूक होते ती नेमकी येथेच. टपालाचा नियम १९६८ च्या अधिनियमातून निघालेला नाही. त्याचे मूळ १९२७ च्या एका कायद्यात आहे, आणि त्या कायद्याची कसोटी सर्वस्वी निराळी आहे. पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे व अंगावर लपविता येतील अशी अन्य अग्निशस्त्रे टपालास अग्राह्य होत, असे तो सांगतो. सैन्याधिकारी, पोलीस, कारखानदार व विक्रेते यांच्यासाठी त्यात मर्यादित अपवाद आहेत, आणि भंगासाठी दंड अथवा दोन वर्षांपर्यंत कैद अथवा दोन्ही सांगितली आहेत. येथे प्रश्न वयाचा नाही, आकाराचा आहे. आणि दीडशे वर्षांचे पिस्तूलही अंगरख्याखाली सहज लपते.

मग जुन्या पिस्तुलास टपालाचे दार उघडते ते कोठून? टपालखात्याच्या ‘प्रकाशन क्रमांक ५२’ या नियमपुस्तकातील अपवादातून. पुराणकालीन व्याख्येत बसणारे आणि कुतूहलवस्तू किंवा संग्रहालयीन वस्तू म्हणून पाठविलेले शस्त्र स्वीकारता येते, असा त्याचा आशय आहे. या वाक्यातील ‘आणि’ व ‘म्हणून’ हे दोन लहान शब्द फार महत्त्वाचे आहेत. ‘आणि’मुळे दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. ‘म्हणून’ हा शब्द काळ व रचना यांच्या जोडीला हेतूची तिसरी कसोटी आणतो. संग्राहकाने संग्राहकाकडे धाडलेले १८५१ चे अस्सल रिव्हॉल्व्हर या कसोटीस सहज उतरते. परंतु नेमबाजीसाठी मागविलेली नवी प्रतिकृती पहिल्या अटीत बसूनही दुसरीपाशी अडखळते. अशा प्रसंगी प्रेषकाने स्वतःच अर्थ लावू नये. टपालखात्याकडे लेखी निर्णय मागावा हे श्रेयस्कर. १९२७ च्या बंदीच्या घटनात्मकतेविषयी अलीकडे वाद उपस्थित झाला असल्याने नियमपुस्तकाची चालू आवृत्ती पाहणे अधिकच अगत्याचे आहे. राज्याराज्यांचे कायदे आणि खासगी वाहतूक कंपन्यांच्या अटी या पुन्हा स्वतंत्र आहेत.

शस्त्रास मिळालेली सवलत त्याच्या सामग्रीस लागू होत नाही. काळी दारू, टोप्या व काडतुसे टपालाने पाठविण्यास मनाई आहे. तसेच शस्त्र रिकामे असलेच पाहिजे. ठासणीच्या हत्यारात हे वरवर पाहून कळत नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून हत्याराचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून नळीत लाकडी गज बुडापर्यंत घालावा, तोंडापाशी खूण करावी आणि तो नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण अपेक्षेपेक्षा आखूड पडली तर आत बार असण्याचा संभव असतो. मग ते हत्यार जाणकाराच्याच हाती द्यावे. व्याख्येतील चुकीची शिक्षा प्रेषक भोगतो. या चुकीची शिक्षा मात्र टपाल हाताळणाऱ्या निरपराध माणसास भोगावी लागेल.

तुलनेसाठी आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे ४५ वे कलम पाहावे. कालबाह्य नमुन्याचे किंवा पुरातन मूल्याचे हत्यार तेही वगळते. पण दुरुस्त करून वा न करता ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. अमेरिकी व्याख्या शस्त्र केव्हा व कसे बनले हे विचारते, भारतीय कायदा ते आज चालू शकते काय हे विचारतो. सबब चालू स्थितीतील ठासणीचे पिस्तूल तेथील १९६८ च्या अधिनियमाखाली अग्निशस्त्र नसले, तरी येथे केवळ जुने म्हणून त्यास सूट मिळत नाही.

तात्पर्य, ‘हे अग्निशस्त्र आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या कायद्यासाठी?’ हे शब्द त्यास जोडल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, आणि ते मिळेपर्यंत पार्सल टपालात न टाकणे हेच शहाणपणाचे होय.