वजन तेच, किंमत वेगळी: अमेरिकेच्या सोन्याच्या नाण्यांची पारख

सोन्याचा भाव वजनावर आणि कसावर ठरतो, हे सराफी पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको. पण सारख्या वजनाच्या, सारख्या कसाच्या दोन नाण्यांपैकी एक सोन्याच्या भावाच्या आसपास जाते आणि दुसऱ्याला लाखो डॉलर मिळतात, तेव्हा तराजू अपुरा पडतो. अमेरिकेचे २० डॉलरचे नाणे, ‘डबल ईगल’, याचे ठळक उदाहरण आहे.

या नाण्याचे वजन ३३.४३६ ग्रॅम, त्यात ९० टक्के सोने व १० टक्के तांबे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्या आग्रहावरून शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी त्याचा नवा छाप घडविला व १९०७ मध्ये तो चलनात आला. छाप इतका उठावाचा होता की एकेका नाण्याला तीन ठोके द्यावे लागत आणि नाण्यांची चळतही नीट लागत नसे. अशी सुमारे १२ हजार नाणी पाडून टांकसाळीने उठाव कमी केला.

दुर्मीळता कशात?

कमी पाडलेले नाणे तेच दुर्मीळ, हा समज अपुरा आहे. १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला २२ हजार नाणी पडली, तर १९२७ मध्ये डेन्व्हरला १ लाख ८० हजार. तरीही डेन्व्हरचे नाणे फार दुर्मीळ आहे; आज त्याची जेमतेम डझन-दीड डझन नाणी ठाऊक आहेत. कारण १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी लोकांकडील सोने जमा करण्याचा हुकूम काढला आणि पुढे सरकारी तिजोऱ्यांतील नाणी वितळवली गेली. जी आधीच लोकांच्या हाती किंवा परदेशी बँकांत गेली होती, ती वाचली.

१९३३ मध्ये पाडलेली ४ लाख ४५ हजार ५०० नाणी चलनात आलीच नाहीत. त्यांतले एक सरकारच्या संमतीने खासगी मालकीत आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच वर्षाची दुसरी दहा नाणी मात्र न्यायालयाने सरकारची ठरवली; ज्यांच्याकडे ती सापडली त्यांना काहीच मिळाले नाही. तेव्हा मालाबरोबर मालकीही तपासावी.

घेताना काय पाहावे?

१९०८ पासूनच्या नाण्यांवर वर्षाच्या वर टांकसाळीचे अक्षर पाहावे: ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को; अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. नुसत्या कसोटीवर विसंबू नये. १९०७ च्या नाण्याची एक प्रसिद्ध नक्कल खऱ्या सोन्याचीच आहे. गरुडाच्या पंजात कोरलेल्या बारीक ग्रीक अक्षरावरून, ओमेगावरून, ती ओळखतात. म्हणून महाग नाणे तज्ज्ञ संस्थेने तपासून, १ ते ७० या श्रेणीत दर्जा देऊन मोहोरबंद केलेलेच घ्यावे.

कारागीर बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे: दागिन्याला उजाळा दिला की तो खुलतो, पण अशा नाण्याला उजाळा दिला किंवा कडी जोडली की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घसरते. सोने तेवढेच राहते. वरची कमाई जाते.