खाज थांबते, बुरशी वाढते

‘मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते. सोडली की आधीपेक्षा मोठा चट्टा उठतो. असं का?’ पावसाळा लागला की दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो.

उत्तर बहुतेक वेळा ट्यूबवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन. ही स्टिरॉइडं. जोडीला एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक, असा तीन औषधांचा काला एकाच ट्यूबमध्ये.

गजकर्ण बुरशीमुळे होतं. त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनवर ती जगते आणि एका ठिपक्यापासून चहूबाजूंनी पसरते. शरीराची प्रतिकारशक्ती तिला भिडते तिथे लाली येते, खाज सुटते. डोंगरावरचा वणवा रात्री लांबून पाहिला तर कडेला ज्वाळांचं कडं दिसतं आणि आतलं सगळं विझलेलं असतं. गजकर्णाचं वर्तुळ असंच घडतं. स्टिरॉइड दाबतं ते हा प्रतिकार. रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मग कडा पुसट होतात, वर्तुळात वर्तुळं उठतात, निदान करताना डॉक्टरही चकतात. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे वळ पडतात.

हा आजार बुरशीचा, हे दाखवणाऱ्यांत डेव्हिड ग्रुबी या हंगेरीतून पॅरिसला आलेल्या डॉक्टरचं नाव फार वर यायला हवं. १८४१मध्ये त्यांनी डोक्यावरच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि त्यात बुरशी दाखवली. जीवाणूमुळे रोग होतो हे दाखवणारं कॉखचं अँथ्रॅक्सवरचं प्रसिद्ध काम १८७६चं, म्हणजे तब्बल ३५ वर्षांनंतरचं! तरीही ग्रुबी विस्मरणात गेले. त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ साबुरो यांनी १८९०च्या दशकात त्याच शहरात हा विषय पुन्हा उभा केला, तेव्हा कुठे ग्रुबींचं महत्त्व कळलं. रोगजंतूंच्या इतिहासात त्यांना आजही एखादी ओळच मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टिरॉइड मलमांचा जन्म मात्र गाजावाजात झाला. १९५२मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवलं. इसब, सोरायसिस यांच्या रुग्णांसाठी ते वरदानच ठरलं, आजही आहे. पुढे औषधाची ताकद मोजायची एक सुरेख युक्ती निघाली: हातावर लावायचं आणि त्वचा किती फिकी पडते ते पाहायचं, कारण स्टिरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात. हाच फिकेपणा ‘गोरेपणा’ समजून कित्येक मुली ही मलमं चेहऱ्याला लावतात. काही महिन्यांत चेहरा लाल होतो, पुरळ येतं, लव वाढते, ऊन सोसत नाही, आणि मलम सोडलं की आग होते.

२०१८मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूब तरीही सहज मिळते. दरम्यान बुरशीही बदलली. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी एक जात आपल्याकडे पसरली असून २०२०मध्ये तिचं नाव ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असं ठेवलं गेलं. नुसत्या जाहिरातीतल्या ‘तीन दिवसांत आराम’वर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

चट्टा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात काचेवर पाहणं, ही तपासणी स्वस्त आणि काही मिनिटांची. ती डॉक्टरांकडे आवर्जून मागा. बुरशीनाशक चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावा आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. आंघोळीनंतर जांघा, काखा नीट कोरड्या करा, सैल सुती कपडे घाला, पंचा कुणालाही वापरायला देऊ नका. आणि घरात आणखी कुणाला खाज असेल, तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. नाहीतर एकाचं बरं होईस्तोवर दुसऱ्याकडून पुन्हा लागण होते.